हॉल द्या, समारंभ नको

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, वसई (पश्चिम)

विषय : शालेय गणवेश व साहित्य वाटपासाठी हॉल देताना घातलेल्या अटींबाबत

माननीय अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

शेजारच्या चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कार्यकर्त्यांना जूनच्या पहिल्या दोन रविवारी आपला हॉल द्यायचं समितीने ठरवलं आणि भाडंही माफ केलं, याबद्दल मनापासून आभार. पण फलकावर लागलेल्या इतिवृत्तात दोन अटी वाचल्या. जाहीर कार्यक्रम करून मुलांना एकेक करून व्यासपीठावर बोलवायचं आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटप करायचं, ही पहिली. दप्तरांवर आपल्या सोसायटीचं नाव छापायचं, ही दुसरी. या दोन्ही अटी समितीने मागे घ्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी सगळी नोकरी अनुदानित मराठी शाळेत गेली. एका वर्षी आमच्या शाळेत अशाच एका समारंभात दप्तरं वाटली गेली. दप्तरं चांगली होती, पण पाठीवर देणाऱ्यांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी दुसऱ्या आठवड्यापासून वह्या प्लास्टिकच्या पिशवीत आणायला लागली. दप्तर कुठे गेलं, असं मी विचारलं, तर ती काहीच बोलली नाही. तिच्या आईकडून कळलं की रस्त्यात मुलं तिला दप्तरावरच्या नावानेच हाक मारायची. समितीचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. तेव्हा देणाऱ्यांचाही हेतू चांगलाच होता.

आपल्या बाबतीत तर हे आणखी जवळचं आहे. यादीतली बरीच मुलं आपल्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, वॉचमनची, समोरच्या नाक्यावर कामासाठी उभं राहणाऱ्यांची आहेत. त्यांच्याच वर्गातली काही मुलं आपल्या विंगमध्ये राहतात. ज्या घरात आई भांडी घासते, त्या घरातली माणसं खुर्च्यांवर बसलेली आणि आपलं नाव माइकवरून पुकारलं जातंय, हे नववीतल्या मुलाला कसं वाटेल, याचा विचार व्हावा.

हे कार्यकर्ते काम कसं करतात, ते मी पाहिलं आहे. दोघादोघांच्या जोडीने ते संध्याकाळी घरी जातात, कारण आईवडील तेव्हाच भेटतात. मापं घेतात. मूल सुट्टीत गावी, जव्हारला किंवा मोखाड्याला गेलेलं असेल, तर आईकडून वर्तमानपत्रावर पावलाची आकृती मागवून घेतात, म्हणजे बूट बरोबर बसतो. गणवेश त्या त्या शाळेच्या रंगाचा आणि नवा असतो, खाली चार बोटं दुमड ठेवलेला, उंची वाढली की उसवता यावा म्हणून. आणि प्रत्येकाला दोन जोड. एकाने भागणार नाही का, असं बैठकीत कुणी तरी विचारल्याचं ऐकलं. वसईचा जुलै आपल्याला ठाऊक आहे. एका खोलीत दोरीवर टाकलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही. एकच जोड असलेलं मूल ओल्या कपड्यांत शाळेत जातं, नाही तर घरी बसतं.

सरकार देतं ना, हाही प्रश्न आला होता. देतं, पण सगळ्यांना नाही. समग्र शिक्षा अभियानात गणवेशासाठी मुलामागे वर्षाला ६०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, तीही सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत, पहिली ते आठवीपर्यंत. अनुदानित शाळेतल्या मुलाला आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, गणवेश मिळत नाही. शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वयाचा. नववीत गेलं की पुस्तकंसुद्धा विकत, आणि नेमकं त्याच वयात मुलगा कामाला लावण्याजोगा दिसू लागतो. मुलीच्या बाबतीत तर आईवडिलांना कारणच हवं असतं. मी शिकवत असताना शाळा सुटलेली मुलं पाहिली, ती बहुतेक याच टप्प्यावरची. म्हणून या वर्षी कार्यकर्त्यांनी नववी-दहावीच्या मुलांना आधी धरलं आहे, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

राहिला चर्चचा मुद्दा. काही सभासदांना शंका आहे की कपड्यांच्या निमित्ताने मुलांना प्रार्थनेला नेलं जाईल. ही माणसं बाहेरची नाहीत. पिढ्यान् पिढ्या इथल्या वाड्यांत केळी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतली आहेत; घरात इथली कादोडी बोली बोलतात, त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते. त्यांची संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केली. गरिबाच्या घरी स्वतः जायचं आणि मदत करताना जात-धर्म पाहायचा नाही, हा तिचा नियम. त्यांचा अर्ज मी स्वतः वाचला आहे : मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, मापं, बुटाचा नंबर. धर्माचा रकाना नाही. यादीत वारली घरं आहेत, मुसलमान आहेत, विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबं आहेत. कुणाला तरीही खात्री करायची असेल, तर त्या रविवारी सरळ मदतीला यावं. नावं वाचून पिशव्या लावायला माणसं कमीच पडतात.

समितीला खरंच हातभार लावायचा असेल, तर हॉलच्या एका कोपऱ्यात पडदा लावून द्यावा, मोठ्या मुलींना कपडे घालून बघता येतील. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने कुटुंबं येतील, त्यामुळे गर्दी होणार नाही. गेटवर वहीत नाव लिहायला लावू नये. फोटो कुणीच काढू नयेत, आपल्या ग्रुपवर टाकण्यासाठीसुद्धा. हिशेबाची काळजी रास्त आहे. शिंप्याची, बुटांची, वह्यांची बिलं आणि किती मुलांना काय दिलं याचा तक्ता, मुलांच्या नावांशिवाय, खजिनदारांकडे पोचेल याची जबाबदारी मी घेते. जुने गणवेश गोळा करायची सूचनाही चांगली आहे, फक्त शाळा तीच हवी, बटणं शाबूत हवीत आणि कपडे धुतलेले हवेत. फाटकी दप्तरं कृपया देऊ नयेत.

दप्तरांची ऑर्डर नावाच्या निर्णयावाचून अडली आहे, आणि मे उजाडल्यावर दुकानदार शाळा उघडण्याआधी माल देईलच असं नाही. तेव्हा येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय आधी घ्यावा. मी हजर राहीन. दोन्ही दिवस हॉलची किल्ली माझ्याकडे द्यावी. साफसफाई करून संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसमध्ये परत करीन.

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग

प्रत : मा. सचिव, मा. खजिनदार