सूचना: गॅरेजचं दार अडलं तर
मंडळी, थंडी सुरू झाल्यापासून मोटरवर चालणारं गॅरेजचं दार अडलं तर काय करायचं, हाच प्रश्न ग्रुपवर फिरतोय, म्हणून एकत्र लिहितो.

दार खाली येता येता परत वर जातंय? लगेच मोटरला दोष देऊ नका. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण ६ इंचांवर, वाटेत काही आलं की दार परत वर पाठवणारे सेन्सर असतात (अमेरिकेत १९९३ पासून अशी सुरक्षा सक्तीची आहे). भिंगावरची धूळ, कोळ्याची जाळी पुसा, सेन्सर समोरासमोर आणा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

भिंतीवरचं बटण चालतं, पण रिमोट नाही? सेल बदला. भिंतीवरचं 'लॉक' (रिमोट बंद करणारं बटण) चुकून दाबलं गेलंय का, तेही बघा. ओपनरमधल्या (दार उघडणाऱ्या मोटरच्या यंत्रातल्या) स्वस्त एलईडी बल्बनंही सिग्नल अडतो.

वीज गेली तर लाल दोरी (दार मोटरपासून सोडवून हातानं उघडण्यासाठी असते ती) ओढायची, पण दार पूर्ण बंद असतानाच. दाराचा भार पेलणारी स्प्रिंग तुटली असेल तर दोरी नको, पाना नको. सरळ मेकॅनिक बोलवा.