औषध हवे तिथेच मुरावे

प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घ्यावे लागते. पण ही औषधे सगळ्या अंगाची प्रतिकारशक्ती खाली आणतात, शिवाय मूत्रपिंडालाच त्रास देऊ शकतात! अशी औषधे घेणारे आमचे मेहुणे परळला तपासणीला निघाले की लोकलमध्ये मास्क नाकावरून हलत नाही, गोळीची वेळ मोबाइलच्या गजरावर. उच्च विद्युतदाबाने पॉलिमरचे केसाहून कितीतरी बारीक तंतू काढून त्यांतून औषध प्रत्यारोपणाच्या जागीच झिरपू द्यायचे, हे संशोधन म्हणूनच महत्त्वाचे वाटते. सायक्लोस्पोरिनचे असे तंतू प्राण्यांच्या त्वचेवर, डोळ्यांवर वापरून पाहिले गेले आहेत. मूत्रपिंड बदललेल्यांनी हुरळून गोळ्या मात्र सोडू नयेत. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पवईच्या आयआयटीने यात सार्वजनिक रुग्णालयांना सोबत घ्यावे.

– एक वाचक, लालबाग