शनिवारचा सिनेमा: पोरांना आणण्याआधी वाचा

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, विश्रामबागच्या नेहमीच्या हॉलवर. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. ‘यूए १३+’ असता तर पालकांनी ठरवायचं होतं. इथे ती सवलत नाही. मागच्या वेळी दारातून परत पाठवलेल्या पोराचं तोंड अजून आठवतंय.

‘अनरेटेड प्रत लावा’ असं दोघातिघांनी सुचवलंय. जमणार नाही. अमेरिकेत १९६८ पासूनचं रेटिंग ऐच्छिक आहे. तिथे अनरेटेड म्हणजे रेटिंग न घेतलेली प्रत, कधी नुसती चार मिनिटं जास्तीची. आपल्याकडे १९५२च्या कायद्याने प्रमाणपत्राशिवाय जाहीर खेळ करता येत नाही.

कॉलेजवाल्यांनी वयाचा पुरावा आणा. गाड्या आत लावा, रस्त्यावर नको.