डॉक्टर मॅडम, लेकीच्या दचकण्याचं खरं कारण शोधलंत, तुमचे मनापासून आभार

मॅडम, सप्रेम नमस्कार. हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अजून कुणाच्या घरी असं बाळ असेल तर त्यांनाही कळावं, आणि तुमचे आभार मला चार लोकांत मानायचेच होते.

तुमच्याकडे आलो तेव्हा लेक तान्ही होती आणि फाईलवर फिट्स असं लिहिलेलं. भांडं पडलं, दार वाजलं, नुसतं अंगावरचं दुपटं ओढलं तरी पोरगी आख्खी ताठ व्हायची, मुठी आवळलेल्या, डोळे टक्क उघडे, आणि श्वासच अडकायचा. झोपली की मात्र एकदम सैल. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची तपासणी, नॉर्मल, फिट्सचं औषध चालू, पण फरक काही दिसेना.

तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत आणि बोटाने तिच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच टकटक केलंत. मान झटक्यात मागे गेली. परत केलंत, परत तेच. बाकीच्या बाळांना दोनचारदा झालं की सवय होते म्हणालात, हिला सवय होतच नव्हती, दरवेळी तेवढाच झटका. तेव्हा पहिल्यांदा हायपरएक्प्लेक्सिया, म्हणजे प्रमाणाबाहेर दचकण्याचा आजार, हा शब्द आम्ही ऐकला आणि पुढे जीन टेस्टमध्ये तेच निघालं, जीएलआरए1 नावाच्या जीनमध्ये बिघाड. या आजाराशी त्या जीनचा संबंध 1993 मध्येच कळला होता, तरी कितीतरी बाळांवर अजून फिट्सचा शिक्का बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पण गोळी तर कुणीही लिहून दिली असती, तुम्ही आम्हाला समोर बसवून समजावलंत त्याचे आभार जास्त आहेत. अचानक आवाज झाला की सिग्नल कानातून थेट मेंदूच्या देठात जातो, तिथून मणक्यात आणि स्नायूंमध्ये, आणि डोळ्याची पापणी तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच मिटते, म्हणजे आपल्याला काय झालं ते कळायच्याही आधी. या धावत्या सिग्नलला ब्रेक लावायचं काम ग्लायसिन नावाचा शांत करणारा रसायनदूत करतो, आणि हिच्या पेशींवरचे ग्लायसिनचे रिसेप्टरच, म्हणजे त्याचा निरोप घेणारे भागच, नीट चालत नाहीत. कुचल्याच्या बियांमधलं स्ट्रिक्नीन हेच रिसेप्टर बंद करतं, म्हणून ते विष पोटात गेलेल्या माणसाला साध्या आवाजानेही आचके येतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला पण सगळं लख्ख समजलं. माझी लेक घाबरट नाही. तिला भीती वाटून ती दचकत नव्हती, शरीर आधी दचकत होतं. घरात सगळ्यांना मी हे एकेकाला बसवून सांगितलंय.

आणि तुम्ही तिला दिलेल्या क्लोनाझेपाम या गोळीचं तर मला अजून नवल वाटतं. ते ग्लायसिनला हातच लावत नाही, शेजारचा गाबा नावाचा दुसरा शांत करणारा रसायनदूत आहे त्याचा जोर वाढवतं, गाबाच्या रिसेप्टरमधून क्लोराइड जास्त वेळा आत येतं आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. जे बिघडलंय ते तसंच, पण दुसऱ्या वाटेने काम भागतं! सुरुवातीला ती खूप पेंगायची, दूधही कमी प्यायची, तेव्हा तुम्ही डोस एकदम न वाढवता हळूहळू नेलात, आणि औषध मनाने अचानक बंद करायचं नाही हे दर भेटीत बजावलंत.

मी विचारत गेले आणि तुम्ही कंटाळा न करता सांगत गेलात. मोठ्या आवाजाच्या जरासं आधी, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं, एक बारीक आवाज आला तर आपण कमी दचकतो, मेंदू जणू गाळणी लावतो, पण मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढवणाऱ्या अ‍ॅम्फेटामिनसारख्या औषधांनी ती गाळणी ढिली पडते, स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातही ती कमजोर दिसते आणि म्हणून औषधांच्या अभ्यासात ही दचक मोजतात. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे मेंदूला सावध ठेवणारं रसायन कमी करणाऱ्या क्लोनिडिन नावाच्या औषधाने दचकणं उतरतं हेही तेव्हाच कळलं. हे माझ्या लेकीच्या कामाचं नव्हतं खरं तर, पण एका आईला एवढं सांगावंसं वाटलं हेच खूप.

आणि ती युक्ती, 1989 मध्ये व्हिजेवानो नावाच्या डॉक्टरांनी लिहिलेली, बाळ ताठ होऊन श्वास अडकला की डोकं आणि पाय पोटाकडे वाकवायचे. तुम्ही बाहुलीवर नाही, आमच्याच हातांनी करून घेतलंत, तिच्या बाबांकडूनही आणि आजीकडूनही. एका रात्री गोळी चालू असूनही ती ताठ झाली आणि आजीनेच ते केलं, मी पोचेपर्यंत पोरगी रडत होती, म्हणजे श्वास चालू होता.

आता ती चालते. मोठ्या आवाजाला अजून दचकते, कधी हात पुढे न येता सरळ पडते, म्हणून कोपऱ्यांना फोम लावलाय आणि मागून कुणी हाक मारत नाही, आधी समोर येतो. ताठरपणा मात्र जवळजवळ गेला.

मॅडम, असं बाळ घेऊन दुसरं कुणी आलं तर त्यांना माझा नंबर बिनधास्त द्या, रात्री-बेरात्री फोन केला तरी चालेल.

तुमची ऋणी,
एक आई