कॅमेऱ्याआधी उजेडाचा विचार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी दिलेला लेख आणि त्यासोबतचा तक्ता वाचला. तक्ता मेहनतीने केला आहे. मेगापिक्सेल, स्क्रीन, वजन, व्हिडिओ असे सगळे रकाने त्यात आहेत, पण लेन्ससाठी एकही रकाना नाही. सहा वर्षांपूर्वी असाच एक तक्ता वहीत उतरवून मी कॅमेरा घ्यायला गेले होते, म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाले त्या वर्षी ठरवलं, की मोबाइलवर भागवणं पुरे, आता नीट कॅमेरा घ्यायचा. त्याचं कारण होती माझी आई. ती तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि रोज संध्याकाळी खिडकीशी शिलाई मशीनवर बसायची. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची, सुई उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायची आणि पहिल्याच प्रयत्नात दोरा ओवायची. मला ते टिपायचं होतं. दुकानात मी हे सांगितलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. विचारलं ते एवढंच, की बजेट किती आहे.

मी घेऊन आले २४ मेगापिक्सेलची बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), तिच्यासोबतच मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स आणि ‘कॉम्बो’ म्हणून पिशवी, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, सफाईचं किट आणि मेमरी कार्ड. पहिल्याच संध्याकाळी पन्नासेक फोटो काढले. आईचा चेहरा बरा आला होता, पण बोटं प्रत्येक फोटोत पुसट. कॅमेराच सदोष आहे असं वाटून दुसऱ्या दिवशी तो परत करायला निघाले होते.

कॅमेऱ्यात दोष नव्हता. त्या किट लेन्सवर ५५ मिमीपर्यंत झूम केलं, की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, १६०० ठेवूनही त्या उजेडात शटर स्पीड मिळत होता १/१५, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्या वेळात सुई धरलेली बोटं हलणारच. लेन्समध्ये किंवा बॉडीत हादरा रोखणारी यंत्रणा असली तरी ती फोटो काढणाऱ्याचा हात सावरते, समोरच्या माणसाचा नाही. नवख्या माणसाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

आता एवढं एकच गणित पाहा. एफ/५.६ वरून एफ/४ वर आलं की सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, दुप्पट उजेड पडतो. एफ/२.८ ला आणखी दुप्पट आणि एफ/२ ला आणखी दुप्पट. तीन पायऱ्यांत आठपट उजेड. मग त्याच खोलीत, त्याच आयएसओला १/१५ च्या जागी १/१२५ मिळतो आणि बोटं थांबतात. असा उजेड घेणाऱ्या ३५ मिमी किंवा ५० मिमी एफ/१.८ च्या साध्या प्राइम लेन्स जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीकडे आहेत आणि त्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्समध्येच बहुधा त्यांची गणना होते. मी ३५ ची घेतली. तिला झूम नाही, म्हणून दोन पावलं पुढे जाऊन बसावं लागलं. तेही बरंच झालं, कारण त्या दोन पावलांनी मी मशीनच्या आवाजात, आईच्या अगदी समोर येऊन बसले.

त्या लेन्सने काढलेला पहिला चांगला फोटो आजही भिंतीवर आहे. त्यात सुईचं नेढं आणि दोऱ्याचा ओला शेंडा एवढंच धारदार दिसतं, मागे चष्म्याची काडी विरघळून गेली आहे. साठेक सेंटिमीटरवरून एफ/२ ला या लेन्सवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे दहातले सात फोटो फोकस चुकून वाया जात. पण जे तीन येत ते मला हवे तसेच येत.

या लेन्सपर्यंत पोहोचायला मला सात महिने लागले. आई आता मशीनवर बसत नाही. ते सात महिने पुन्हा मिळणार नाहीत, आणि म्हणूनच आपल्या तक्त्यातला न दिलेला रकाना माझ्या मनाला इतका लागला.

त्या सात महिन्यांत आणखी एक चूक झाली, तीही सांगते. एका विक्रेत्याने मला जुन्या घडणीची ५० मिमी लेन्स दिली. घरी आणून लावली, तर ऑटोफोकस चालेचना. त्या लेन्सला स्वतःची मोटर नव्हती. बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूने ती फिरवते, आणि सुरुवातीच्या श्रेणीतल्या माझ्या बॉडीत ती मोटरच दिलेली नव्हती. लेन्स परत घ्यायला विक्रेता तयार झाला नाही. तेव्हा नवी असो की जुनी, लेन्स आपल्या स्वतःच्या बॉडीवर लावून, शटर अर्धं दाबून, फोकस होतो का ते काउंटरवरच पाहावं.

याच संदर्भात माउंटबद्दल, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या जोडाबद्दल. आज बहुतेक नव्या लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी निघतात. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली नवे माउंट आणले. डीएसएलआरमध्ये आरसा बसवायला जागा लागते, त्यामुळे लेन्स सेन्सरपासून लांब असते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे, नव्या झेड माउंटमध्ये फक्त १६ मिमी. म्हणून मधे ॲडॅप्टर घालून जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावता येते, नवी लेन्स जुन्या बॉडीवर मात्र लावता येत नाही. एवढं कळलं की घाबरण्यासारखं काही उरत नाही. हात तंग असेल तर सेकंडहँड डीएसएलआर घेऊन शिकणं हा आजही उत्तम मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे.

मेगापिक्सेलबद्दल फार लिहीत नाही. ए४ आकाराचा कागद ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके, त्याच मापाने वीस इंच रुंद प्रिंट. आपल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या फोटोलाही इतके लागत नाहीत, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फुल फ्रेम हवा का, हेही मला पुष्कळजण विचारतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीचा, सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर त्याच्या निम्म्याहून लहान. मोठा सेन्सर कमी उजेडात उजवा ठरतो यात शंका नाही. पण त्याच्या लेन्स वजनाला आणि खिशाला जड असतात आणि सगळा पैसा बॉडीत जिरून पुन्हा किट लेन्सच हाती उरते. शिवाय एपीएस-सीवर ३५ मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ मिमीइतकं दृश्य दाखवते, आणि प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार ओंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक सगळं काम ५० मिमीवरच केलं होतं.

मला आईचे हात टिपायचे होते म्हणून मला ही लेन्स लागली. माझ्या भाच्याला पक्ष्यांचं वेड आहे, त्याला एफ/१.८ चा काही उपयोग नाही, किमान ३०० मिमीची लेन्स आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर हवं. डोंगर आणि पहाट टिपणाऱ्याचा विषय हलत नाही, तेव्हा त्याने पैसा ट्रायपॉडवर घालावा. कशाचे फोटो, किती अंतरावरून आणि कुठल्या उजेडात, हे तीन प्रश्न आधी सुटले की कॅमेऱ्यांची यादी आपोआप आखूड होते.

आता सामानाविषयी. कॉम्बोमधला ट्रायपॉड मधली दांडी वर काढली की वाऱ्याशिवायही डुलतो. त्यापेक्षा खिडकीच्या कठड्यावर तांदळाची पुरचुंडी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला तर जास्त स्थिर राहतो. यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात उपयोगाचा होता. डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते, आणि स्वस्त फिल्टरमुळे रात्रीच्या फोटोत दिव्यांची हिरवी भुतं उमटतात. माझ्या एका फोटोत अशी तीन आहेत. लेन्सला धक्क्यापासून वाचवायचं असेल तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं कडं, लावावा, तो आडवा येणारा उजेडही अडवतो. कार्ड मात्र नीट पारखून घ्यावं. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापतात तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. व्हिडिओसाठी व्ही३० ही खूण पाहावी, म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० मेगाबाइटच्या खाली जात नाही. बनावट कार्डं वेष्टनावर लिहिल्यापेक्षा कमी क्षमतेची असतात आणि भरली की नव्या फोटोंच्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात, आत काही नसतं. म्हणून नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळं उघडतं का ते पाहून मगच वापरात घ्यावं. एक जास्तीची बॅटरीही घ्यावी, मिररलेसला ती लागतेच.

ज्या दोन वस्तूंचा आग्रह मी जीव तोडून धरते, त्या कुठल्याच कॉम्बोत नव्हत्या: हवेचा रबरी फुगा आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची भिंगं मी वर्षानुवर्षं पुसली आहेत. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मगच लेन्स पेपर लावायचा. धूळ असताना पुसलं की आपणच काच खरवडतो. ओढणीच्या टोकाने लेन्स पुसणारी माणसं पाहिली की माझा हात आपोआप पुढे जातो. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून आत सरकणारी. एकदा ती काचेच्या लेपात शिरली की खुणा जात नाहीत. कातडी पिशवी आणि बंद कपाट ही तिची आवडती जागा. झाकणाचा घट्ट डबा, त्यात सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे, इतकंच करायचं. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला. गरम करून वाळवले की पुन्हा निळे होतात.

सेकंडहँड लेन्स घेतानाही हीच नजर ठेवावी. दोन्ही झाकणं काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून, मागून तिरपा टॉर्च मारावा. धुळीचे चार कण चालतील, धागे दिसले तर हात जोडून परत द्यावी. बॉडीच्या सेन्सरसाठी एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा, जे डाग असतील ते लगेच दिसतात.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा त्यात प्रत्येक कॅमेऱ्यासमोर त्याला बसणारी सर्वांत स्वस्त एफ/१.८ लेन्स कोणती, एवढा एक रकाना द्यावा, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर मेगापिक्सेलचा काढा.

कळावे,
आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक)