पोलिसांत जायची गरज नाही असं तुम्हीच सांगितलं, आता त्याच कारणावरून क्लेम नाकारताय

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, मोटार क्लेम विभाग

नमस्कार,

मागच्या महिन्यात पावसात माझी गाडी स्लिप होऊन एका घराच्या कंपाउंडवर धडकली, भिंत पडली, गेट वाकलं, माझा बंपर आणि रेडिएटर गेला. कोणाला खरचटलंही नाही. मी तिथूनच तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि पहिला प्रश्न हाच विचारला की पोलिसांत जाऊ का, तर तुमचा माणूस म्हणाला, कोणाला लागलं नाहीये ना मग काही गरज नाही, गाडी गॅरेजला लावा. मी ऐकलं.

आणि काल तुमचा मेल, की पोलिसांना कळवलं नाही आणि लेखी इंटिमेशन उशिरा दिलं म्हणून क्लेम रिजेक्ट.

मग मी मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 134 काढून वाचलं. त्यात माणूस जखमी होणं आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होणं या दोन्हीसाठी एकच नियम आहे, जागेवर पोलीस नसतील तर ड्रायव्हरने जवळच्या पोलीस स्टेशनला लवकरात लवकर आणि काही झालं तरी 24 तासांच्या आत कळवायचं, शिवाय विमा कंपनीला पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, ड्रायव्हरचं नाव हे लेखी द्यायचं. म्हणजे तुमच्या माणसाने मला सरळ चुकीचं सांगितलं. नुसती खबर देणं आणि एफआयआर होणं यातला फरकसुद्धा त्याला माहीत नसावा. माझ्या हातात अख्खा दिवस होता हो, एका शब्दाने सांगितलं असतं तर त्याच रात्री जाऊन आलो असतो.

विमा नियामकाचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रकही बघा. उशीर का झाला ते तपासून नोंदवल्याशिवाय, आणि वेळेत कळवलं असतं तरी हा क्लेम नाकारलाच गेला असता याची खात्री केल्याशिवाय, नुसत्या उशिरावर क्लेम नाकारायचा नाही असं त्यात आहे. तुमच्या मेलमध्ये यातलं काहीच नाही, मला कारण विचारायला एक फोनही आला नाही.

त्या रात्रीच्या कॉलचं रेकॉर्डिंग काढा, माझ्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आणि पडलेल्या भिंतीचे फोटो जोडतोय. क्लेम परत उघडा, भिंतवाले काका रोज विचारतात आणि मला त्यांच्यासमोर उभं राहवत नाही. हेल्पलाइनवरच्या लोकांनाही हे कलम आजच समजावून सांगा, आज रात्रीही कोणीतरी हाच प्रश्न विचारेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी विमा लोकपालांकडे जाणार आहे.

तुमचा पॉलिसीधारक