तीन केस की चार: एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,

आपली प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. मी पाठवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या बारा स्लाइड आणि तुमच्या पेन्सिलीतल्या चिठ्ठ्या, एवढाच आपला परिचय. तरी हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण मी केलेली चूक फुलकिडे ओळखायला बसलेला बहुतेक प्रत्येकजण करतो.

बाराही लेबलांवर मी फुलकिड्याच्या एका जातीचं नाव ठोकून दिलं होतं: थ्रिप्स पाल्मी. आधार काय, तर रंग. पिवळा दिसला की पाल्मी! तुमची पहिली चिठ्ठी एका ओळीची होती: “साध्या डोळ्यांचा रंग पाहिला होतास का?” डोक्यावरच्या तीन साध्या डोळ्यांत पाल्मीला लाल रंगद्रव्य असतं, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या थ्रिप्स टॅबॅसी या दुसऱ्या जातीला करडं. मी कुठला पाहतोय! नमुने कॉस्टिकच्या (तीव्र अल्कलीच्या) द्रावणात ठेवून काचेसारखे पारदर्शक केले होते आणि त्यासोबत पुरावाही धुऊन टाकला होता. मान खाली गेली, पण तुम्ही रागावला नाहीत. “रंग गेला तर जाऊ दे, केस आहेत ना,” एवढंच लिहिलंत.

मग खरी शिकवणी सुरू झाली. टॅबॅसी थंडीत गडद होतो आणि उबेत फिका, त्यामुळे अंगाच्या रंगावर विसंबायचं नाही. शृंगिकांचे (डोक्यावरच्या मिशांचे) खंड मोजून उपयोग नाही, दोघांनाही सातच. कोणत्या झाडावर सापडला तेही सोडा: 1889 साली लिंडेमन या शास्त्रज्ञाने टॅबॅसीचं आणि 1925 साली कार्नी या शास्त्रज्ञाने पाल्मीचं पहिलं वर्णन केलं, ते दोन्ही तंबाखूवरच्या कीटकांवरून. (हे वाचून मी खूप वेळ हसत होतो.)

पाहायचं ते पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या पाठीवर, अगदी बाजूच्या कडेला. तिथे टॅबॅसीला तीन केस, पाल्मीला चार. जेमतेम मिलिमीटरभर किड्याच्या पोटाची एक कड! मी मोजले तर एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे ही तिसरीच जात की काय, असं मी उत्साहाने कळवलं. तुमचं उत्तर: “केस तुटतो, खोबण राहते. खोबणी मोज.” फोकसचं चाक केसभर फिरवलं आणि एक इवलंसं वर्तुळ वर आलं. केस नव्हता, त्याची जागा होती. दोन्हीकडे तीन.

पण एका खुणेवर तुमचं समाधान होत नाही, हेही तेव्हाच कळलं. वक्षाच्या तिसऱ्या खंडाची पाठ पाहायला लावलीत. पाल्मीत तिथल्या रेषा मागे जाताना एकमेकींकडे झुकतात आणि संवेदनांचे दोन बारीक ठिपके दिसतात. टॅबॅसीत मधे विस्कटलेली जाळी आणि ठिपके नाहीत. माझ्या स्लाइडवर जाळी होती. ठिपके शोधताना तास गेला आणि धुळीच्या दोन कणांनी मला चांगलंच फसवलं. स्लाइड सरकवली, पुन्हा फोकस केला, तेव्हा कळलं की ते काचेवर आहेत.

पाल्मीचं नाव लिहिणं साधी गोष्ट नाही. अनेक देशांत ती विलगीकरणातली (क्वारंटाइनची, बाहेरून येऊ नये म्हणून रोखली जाणारी) कीड आहे, त्या एका शब्दावर माल अडतो. हे तुम्ही मला ऐकवलं नाहीत, माझं मलाच नंतर उमजलं आणि थोडा घाम फुटला. तुम्ही वेळ दिला नसता तर ती लेबलं तशीच गेली असती.

अकरा स्लाइडवर आता टॅबॅसी लिहिलंय. बाराव्या नमुन्याचं पोट पिळलं गेलंय, दुसऱ्या खंडाची कड दिसतच नाही आणि वक्ष काचेखाली चेपलंय. मोह झाला होता, बाकीच्या अकरांसोबत त्यालाही ढकलून द्यावं. नाही ढकललं. लेबलावर लिहिलंय: “थ्रिप्स, जात अनिश्चित.” पेन्सिलीने, तुमच्यासारखंच.

आपला कृतज्ञ,
बारा स्लाइडवाला विद्यार्थी